छाट

संध्याकाळी कारखान्यात विड्या मोजून घेतात.
वाकडी, सैल, तोंड नीट न मुडपलेली
बाजूला पडते. तिला छाट म्हणतात.
छाटीचे पैसे मिळत नाहीत.

आमच्या संघाला नागमणीनं हेच नाव ठेवलं.
खो-खोतून काढलेल्या दोघीतिघी,
कबड्डीत दम न पुरलेली तबस्सुम नदाफ,
उंच आहे म्हणून वर्गातून उचलून आणलेली
शिवलीला हत्तुरे, जिला चेंडूचीच भीती,
आणि मी.
माझं अक्षर चांगलं, गुणपत्रक मी लिहायचे.

खेळाचे सर निवृत्त झालेले, जागा भरली नव्हती.
मग भौतिकच्या प्रयोगशाळेतले हविनाळे मामा आले,
शिट्टी नव्हती त्यांच्याकडं, फूटपट्टी होती.
रिंगमागच्या फळीवर खडूनं रेघ ओढून म्हणाले,
आपतन कोन बरोबर परावर्तन कोन,
एवढंच आहे की ओ हे,
बाकी नुसतं पळणं.

मैदान शहाबादी फरशीचं.
ऑक्टोबरात पाच वाजतासुद्धा
ऊन बुटाच्या तळातून वर यायचं.
रिंगला जाळी नव्हती,
चेंडू आतून गेला की बाहेरून यावर रोज भांडणं.
शेवटी श्रीलता येमूलच्या वडिलांनी
टॉवेलच्या उरल्यासुरल्या सुताची जाळी विणून दिली,
अर्धी गुलाबी,
कारण त्या आठवड्यात गुलाबी सूत उरलं होतं.
पहिला चेंडू तिच्यातून खाली आला
तेव्हा कुणीतरी ओला पंचा एकदाच झटकावा
तसा आवाज झाला.
आम्ही सगळ्याच गप्प.

पाण्याच्या दिवशी सराव नसायचा.
नळ चार दिवसांनी, कधी पाच.

नागमणीची बोटं रोज हजार विड्या वळून यायची.
तसली बोटं काम करताना स्वतःकडं बघत नाहीत.
ती बघायची भलतीकडं, पिंपळाकडं, सायकल स्टँडकडं,
आणि चेंडू येऊन आपल्या छातीवर आदळायचा.
आधी आम्ही तो सोडायचो.
मग धरायला लागलो.
मग एक सामना जिंकलो. सांगोल्याचा संघ आलाच नव्हता,
पण वहीत जिंकलो असंच लिहायचं असतं.
मग मंगळवेढा, खरोखर.
मग अकलूज, दोन गुणांनी.
ते दोन मी तीनदा मोजले.

फायनल बार्शीशी.
त्यांचे बूट एकसारखे, निळे.
आमच्यातला एक जोड मामांच्या मुलाचा,
पुढं पेपरचा बोळा कोंबलेला.
आम्ही सातच होतो,
शिवलीलाला त्याच दिवशी पाहुणे बघायला आलेले.
चौथ्या क्वार्टरला दोघी पाच-पाच फाउल करून बाहेर,
बाकावर उरले मी.
गुणपत्रक मामांच्या हातात देऊन उठले.

शेवटचं मिनिट, एका गुणानं मागं.
मामा ओरडले, नुसती उभी राहा, हात वर!
राहिले.
तबस्सुमनं घाबरून फेकलेला चेंडू
माझ्या खांद्याला लागून उडाला,
अगदी कोनात, शपथ,
आणि नागमणीच्या हातात पडला.
ती तेव्हाही बघत होती भलतीकडंच.

चाळीस-एकोणचाळीस.
वही अजून माझ्याकडं आहे.
माझ्या नावापुढं अख्ख्या वर्षाचे दोन गुण,
ते मंगळवेढ्याविरुद्धचे.
खांद्यासाठी रकाना नसतो.

चषक त्या रात्री नागमणीच्या घरी राहिला.
कपाटाची किल्ली शिपायाकडं
आणि शिपाई गड्ड्याच्या यात्रेत.
मीही तिथंच झोपले, विडी घरकुलात.
पहाटे तीनला नळ आला.
बादल्या झाल्या, घागरी झाल्या,
पातेली, तेलाचे डबे, कुकर,
अम्मानं इकडंतिकडं बघितलं
आणि चषक धरला नळाखाली.

सवयीनं मी मोजलं, पावणेदोन तांबे.
बुडाशी जरा गळत होता.
तिनं खाली वाटी ठेवली.