सात हजार सहाशे फूट

आमच्या अदिस अबाबाहून एका दमात निघता येत नाही.
इथं हवाच विरळ,
पंखांना धरायला काही सापडत नाही,
इंजिनं धापा टाकतात.
म्हणून वॉशिंग्टनला जाणारं विमान
इंधन कमीच घेऊन उडतं
आणि भल्या पहाटे डब्लिनला उतरून
परक्या पावसात उभं राहून उरलेलं पितं.
येताना थांबत नाही.
तिकडची जमीन समुद्राला टेकलेली, हवा दाट,
भरल्या पोटी निघतं ते थेट घरी.

जाणं दोन तुकड्यांत, येणं अखंड.
नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकले हे,
तेव्हा वाटलं होतं, गोष्ट विमानांचीच आहे.

मार्चमध्ये दोन कारखान्यांची माणसं आली.
एकानं टेबलावर हातभर लांब पांढरं विमान मांडलं,
दुसऱ्यानं त्याहून बोटभर लांब.
कॉफीचा तिसरा पेला येईपर्यंत उठायचं नसतं
हे त्यांना कुणीतरी पढवून पाठवलेलं.
दोघंही म्हणाले, मधला थांबा आता विसरा.
कार्बनचा पंख, टोकाशी वाकलेला,
दर आसनामागे इंधन पाव हिश्श्यानं कमी.
फक्त एवढंच,
की ऐन दुपारी निघालात
तर बत्तीस जागा रिकाम्या सोडाव्या लागतील.

'रात्री निघू,' अतो झेलेके म्हणाले.
'बत्तीस कोण?' मी विचारलं.
सगळे हसले. त्यांना विनोद वाटला.

त्यांच्या कोष्टकात माणूस, सामानासकट, शंभर किलो.
हा माणूस मी कधी पाहिलेला नाही.
मी पाहते ती लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई,
स्वतः एक्केचाळीस किलोची,
आणि दोन बॅगांत शेहेचाळीस किलो
बर्बेरे, शिरोचं पीठ, वाळवलेल्या इंजेराचे तुकडे.
काट्यावर बॅग चढते
तेव्हा ती श्वास रोखून धरते,
जणू त्यानं वजन उतरेल.
तिच्या पायाखालच्या कप्प्यात गुलाबांची खोकी,
त्यांना थांबून चालत नाही.
आणि परतीच्या विमानात, त्याच कप्प्यात,
कधी कधी एक लांबट खोकं असतं.
त्याचं वजन मी माल या रकान्यात लिहिते.
दुसरा रकाना नाही.

हँगरमध्ये लेमेसा
तेवीस वर्षं त्याच एका विमानाच्या पोटाखाली.
डावं दार कुठं अडतं, ते त्याचा खांदा जाणतो.
'नवं म्हणे आपलं दुखणं
स्वतःच कारखान्याला कळवतं,' तो म्हणाला.
'मग माझ्याशी काय बोलणार?'
आणि जाता जाता,
'दाराची उंची तेवढी बघ.
जिने आपले जुनेच आहेत.'

तीन आठवडे मी बेरजा केल्या.
वाऱ्याच्या, व्याजाच्या, चाकांच्या,
वीस वर्षांनंतरच्या डॉलरच्या.
अर्ध्या तासाचं इंधन हातचं ठेवावंच लागतं,
कायदाच आहे.
शाळेत बाई बजावत, हातचा विसरलीस तर सगळं चुकेल.
आईबायांसाठी मी दर माणशी सात किलो हातचे धरले
आणि कुणाला सांगितलं नाही.

शेवटी ठरवलं ते पंखानं नाही, रांगेनं.
बोटभर लांब असलेलं सात वर्षांनी मिळणार होतं,
दुसरं चार वर्षांनी.
माझी ऐंशी पानं अतो झेलेकेंनी
मधोमध उघडली, मिटली,
आणि पेन मागितलं.
डब्लिनचा थांबा उन्हाळ्यापुरता राहिला.
माझे सात किलो कुणाच्या लक्षात आले नाहीत.

पहिलं नवं विमान आलं त्या महिन्यात
लेमेसाचं जुनं स्पेनच्या माळरानावर निघालं,
सुटे भाग होण्यासाठी.
आसनं उपसलेली, कप्पे रिकामे, दोन वैमानिक फक्त.
दुपारचा एक वाजलेला, ऊन असं की डांबर लवलवत होतं.
सवयीनं मी धावपट्टीचं शेवटचं टोक बघत उभी राहिले.
ते अर्ध्यातच उठलं.

लेमेसानं हात पुसले.
'एवढं हलकं,' तो म्हणाला,
'मी त्याला ओळखलंच नसतं.'