बोकडाला दांडी नसते

नारीनच्या बसथांब्यामागे, जुन्या लोकरीच्या गोदामात
माझी व्यायामशाळा.
आठ बार, एक तडकलेला आरसा,
आणि शेगडीत कोळसा घालायची पाळी ज्याची त्याची.
भिंतींना अजून मेंढ्यांचा वास येतो,
थंडी ओसरली की जास्तच.

एर्निस इथे तीन हिवाळे लोखंड उचलत होता.
जमिनीपासून मांडीपर्यंत एकशे ऐंशी किलो,
मनगटांना पट्टे गुंडाळून.
पट्टे मीच दिले होते.
पाठ थोरली, बोटं धाकटी,
धाकट्यांपायी थोरलीचं अडू नये,
असं काहीतरी बोललोही होतो, ऐटीत.

मे महिन्यात अत-बाशीच्या मैदानावर
त्यानं चाबूक दातांत धरला,
खोगिरावरून इतका खाली झुकला
की टोपी गवताला लागली,
खुरांच्या गर्दीत हात घातला
आणि बत्तीस किलोचा बोकड
(मुंडकं नाही, गुडघ्याखाली पाय नाहीत,
रात्रभर मिठाच्या पाण्यात मुरलेला)
उचललाही.
हातभर वर.
मग ओलं कातडं बोटांतून निसटलं,
न्हाणीघरात साबण निसटतो तसं.

तो पडायच्या आत बेक्तेमिरनं झेलला.
याक राखणाऱ्याचं पोर, वजन पंचावन्न,
बारला जन्मात हात लावलेला नाही.

रात्री एर्निस बूट न काढताच आत आला.
"वीसच्या अजून दोन चढव."
चढवतो, म्हटलं. पण आधी सांग,
बोकडाला दांडी कुठे असते?

बार हातासाठीच घडवलेला असतो, बाबा.
मुठीच्या मापाचा, वर खरखर कोरलेली,
दोन्हीकडे सारखं वजन.
उचलला की उठतो, ठेवला की बसतो,
सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा.
मेलेलं जनावर असलं काही पाळत नाही.
तू जिथे नाहीस
तिथे त्याचं वजन सरकतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या आत्याला बोलावलं.
सायकाल चाळीस वर्षं नमदे करते,
उकळत्या पाण्यातली लोकर पिळून पिळून
तिचे पंजे मुळांसारखे झालेत.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
हिची उघडीच महाग.
मेंढीच्या कातड्यात ओले गोटे भरून शिवलेलं पोतं
एर्निसनं दोन्ही हातांनी आवळलं होतं,
तिनं एका हातानं ओढून घेतलं.
दुसऱ्या हातात फोन होता,
धाकट्या सुनेशी बटाट्यांवरून वाद चालू होता.

पट्टे आम्ही शेगडीत टाकले.
फार घाण वास आला.

मग उन्हाळाभर तेच पोतं तुळईला टांगलेलं,
कधी पाण्यानं, कधी तेलानं भिजवलेलं.
चिमटीत धरून लोंबकळायचं.
जवाच्या बादलीत कोपरापर्यंत हात खुपसून
मुठी वळायच्या, सोडायच्या, वळायच्या.
पहिल्या महिन्यात त्याला चहाची वाटी धरवेना.
मी बारवर चादर टाकून ठेवली
आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलो
की लोखंड म्हणजे नुसता देखावा.

सप्टेंबरात पुन्हा तेच मैदान.
एका तंगडीला एर्निस, दुसरीला बेक्तेमिर,
दोन घोडे दोन दिशांना.
बोटं सुटली नाहीत.
एका क्षणी मला वाटलं, आता हात खांद्यातून निघणार.
निघाला नाही.
तिथे तो कोणी धरून ठेवला होता?
त्या तीन हिवाळ्यांनी. त्याच एकशे ऐंशीनं.
मी मैदानाच्या कडेला उभा राहून
उन्हाळाभराचे माझे शब्द गिळत होतो,
बियांसकट.

गोल झाला का, सगळे विचारतात.
नाही झाला. एर्निसचा घोडा घसरला, शिट्टी वाजली,
पंचानं बोकड मागितला
आणि तो देईना.
देईना म्हणजे, देता येईना. मूठच उघडेना.
सायकाल कुंपण ओलांडून आली,
त्याच्या हातावर किटलीतला कोमट चहा ओतला
आणि करंगळीपासून सुरुवात करून
एकेक बोट सोडवलं,
नमद्यातून अडकलेला काटा काढावा तसं.
नखांखाली काळे केस.

"उद्या शाळा उघडी आहे?" त्यानं मला विचारलं.
म्हटलं, आहे.
कोळशाची पाळी तुझी.