वायसर

छत्रीबागेमागची चाळ मंगळवारी पाडली.
शुक्रवारपर्यंत विटा, चौकटी,
संडासांची दारंसुद्धा विकली गेली.
आता सगळं सपाट. कडेला फलक:
राजमुद्रा रेसिडेन्सी, दोन आणि तीन बेडरूम.
सोमवारी पाया खणणार,
म्हणजे माझ्याकडे एकच रविवार.

अडतीस वर्षं सहकारी बँकेत रोखपाल होतो.
खोटी नोट डोळ्यांआधी बोटांना कळायची.
निवृत्तीनंतर बोटं काही दिवस
जेवणाच्या टेबलावर आपोआप मोजत राहिली,
मग थांबली.
तेव्हा हे यंत्र मागवलं: काठी, तिच्या टोकाला बशी,
कानाला दोन वाट्या.
बायको म्हणाली, भंगारवाल्यांनी जे सोडलं
ते शोधायला तुम्ही निघालात.

बरोबरच आहे तिचं.
लोखंड घोगरं बोलतं, उगाच, सारखं.
तांबं किणकिणतं.
अ‍ॅल्युमिनियम चांदीचा आवाज काढून फसवतं.
पहिल्या दोन तासांत मिळालं ते असं:
सोड्याचे बिल्ले नऊ,
स्टोव्हची पिन, कुलूप (किल्लीविना),
झिपरचं टोक,
कंगोऱ्यांचे दहा पैसे, इतके हलके
की तळहाताला कळलेच नाहीत.

चौकीदार हरगोविंद मालवीय
खाटेवरून सगळं बघत होता.
क्या निकला, भिया?
कुछ नहीं.
हर बार कुछ नहीं, और हर बार बैठ के खोदते हो.

नळाच्या जुन्या ओट्यापाशी आवाज आला,
स्वच्छ, गोल, एकाच जागी.
गुडघे टेकले. खुरप्याने वीतभर माती काढली.
बोटांना आधी कळलं.

होळकरांचा अर्धा आणा.
नंदी बसलेला, वशिंड झिजलेलं,
संवताचे आकडे गेलेले.
आणि बरोबर पोटात आरपार भोक.

भोक पडलं की बाजारात भाव संपतो, मला माहीत आहे.
पण मी तिथेच, मातीत बसून, गोष्ट रचायला लागलो:
काळा दोरा, तान्ह्याचा गळा,
दृष्ट लागू नये म्हणून नंदी,
मूल जगलं असेल, मोठं झालं असेल, मिलमध्ये लागलं असेल.
गळा दाटून येईपर्यंत मी ती रचत नेली.

हरगोविंदने नाणं घेतलं, उन्हाकडे धरलं,
अंगठ्याने उलटवलं.
ताबीज नहीं है, भिया. वायसर है.
ये देखो.
एका बाजूने खळगा, हातोडीचा.
भोकाभोवती गंजाची अंगठी,
कडेला डांबराचा कण.
वीस वर्षं त्याने पत्रे ठोकले होते,
सावेरपासून देवासपर्यंत.
चलनातून गेलेला पैसा तेव्हा सगळेच लावायचे, म्हणाला,
त्याच्या बापानेही लावलेला.
रबर सडतं. तांबं नाही.

म्हणजे कुणीतरी, शिडीवर उभं राहून,
राजाच्या नंदीत खिळा घातला होता.
संस्थान गेलं, मिल बंद झाली,
खोलीत चार कुटुंबं आली नि गेली,
आणि हा वर बसून होता, पत्र्यावर,
एका थेंबापुरतं काम करत.
मंगळवारपर्यंत.

हरगोविंद नाणं परत देईना.
मग हसला, आपल्या खोपीकडे बोट केलं:
मेरे यहाँ भी एक जगह टपकता है.

मी हात पुढे केला.
तो लगेच देऊन टाकला त्याने,
जणू गंमतच केली होती.

पुढच्या रविवारी मी त्याच्यासाठी
सियागंजातून रबरी वायसरांची पुडी घेऊन गेलो.
एक डझन, तीस रुपये.
त्याने मोजले. बारा भरले.
खिशात टाकत म्हणाला,
आपका वाला ज़्यादा चलता.

नाणं टेबलाच्या खणात आहे.
बँकेत असताना माझा हिशोब
एकदाही चुकला नव्हता.
रात्री खण उघडून मी ते बोटांनी पुन्हा बघतो:
एक.
पुन्हा बघतो.