एक बूट अलीकडे

शांतवन भोरेबद्दल मला विचारू नका,
मी समोरच्या संघात होतो.
रेल्वेचा गोलकीपर, पिवळी जर्सी,
हातात बायकोनं शिवलेले मोजे.
त्याला पाहिलं ते नेहमी समोरून,
म्हणजे इतरांपेक्षा जरा जास्तच.

डाव्या पायाचा माणूस.
बाप मिरजेच्या मिशन दवाखान्यात कंपाउंडर, आई तिथल्याच स्वयंपाकघरात,
आणि हा संध्याकाळी जंक्शन स्पोर्टिंगच्या मैदानात
असा पळायचा की गाडी सुटतेय
आणि डब्यात कुणीतरी त्याची पिशवी घेऊन बसलंय.

चेंडू तेव्हा चामड्याचा, नाडीचा;
भिजला की धोंडा.
डोक्यानं मारला तर कपाळावर शिवण उमटायची.
शांतवनची ती रविवारी प्रार्थनेलाही दिसे.

त्र्याऐंशीची फायनल. चार मिनिटं उरलेली. पेनल्टी.
मी उजवीकडे झेपावलो,
कारण कुठंतरी झेपावावंच लागतं.
चेंडू बारवरून, भिंतीवरून,
सतारमेकर गल्लीत, छपरावर वाळत घातलेल्या भोपळ्यांत.
एक फुटला. आवाज मैदानापर्यंत आला,
पोकळ, आणि खरं सांगतो, सुरात.
पेपरात छापून आलं : गोलकीपरचा अप्रतिम बचाव.
कात्रण अजून ठेवलंय. खोटं आहे, पण छान आहे.
भोपळ्याचे पैसे शांतवननं सात हप्त्यांत फेडले.

मग गुडघा. मग शिट्टी.
कोच झाल्यावर तो ओरडत नसे, त्यामुळं पोरं जास्त घाबरत.
‘चेंडूकडं काय बघतोस, तो खोटं बोलतो.
कंबर बघ त्याची.’
वीस वर्षं एवढंच शिकवलं,
आणि भिजवलेले हरभरे, माणशी एक मूठ,
मूठ कोचची.
तिघं पोलिसात लागले, एक आखातात,
एक कोल्हापूरच्या तालमीकडून खेळायला गेला.
त्याचं नाव शांतवननं वर्षभर घेतलं नाही,
मॅच मात्र एकही चुकवली नाही.

मग सेक्रेटरी.
कमरेला किल्ल्यांचा जुडगा, खिशाला शाईचा डाग.
तेव्हापासून तो चालताना वाजतो.
मीही रिटायर होऊन याच क्लबचा खजिनदार झालो :
कपाटात सहाशे रुपये आणि एक उंदीर.

परवा एक अर्ज आला.
विषय : बूट मिळणेबाबत.
हुजैफ बागवान, राइट बॅक, माप सात.
शांतवननं चष्मा चढवला, समासात लिहिलं ‘विचाराधीन’,
अर्ज लावायला तळातली फाइल ओढली
आणि तिथंच राहिला.
पिवळा कागद. विषय तोच. माप आठ.
अक्षर त्याचंच, अजून मिसरूड न फुटलेलं,
आणि समासात कुणा वारलेल्या सेक्रेटरीचा तोच शब्द.

‘मग काय झालं होतं रे?’ मी विचारलं.
‘काय होणार. अजून विचारच चाललाय.’
मी हसलो. तो हसला नाही.
कपाट उघड, म्हणाला. उघडलं. उंदीर पळाला.
पुढचं सांगत नाही, ऑडिट व्हायचंय.

रविवारी सकाळी मैदान आखायला तो स्वतः जातो.
पगारी माणूस आहे, पण नाही.
घमेल्यात फक्की, एक हात गुडघ्यावर,
उत्तरेच्या गोलपाशी बारा यार्ड टेपनं मोजतो.
भिंतीकडच्या गोलपाशी टेप काढतच नाही.
पावलं टाकतो, थांबतो,
गल्लीतल्या छपरांकडं बघतो,
आणि ठिपका देतो.

मी मोजलंय एकदा, संध्याकाळी, कुणी नसताना.
एक बूट अलीकडे आहे.
माप आठ.

गोलकीपरच्या जातीला हे खपत नाही.
तक्रारीचा कागद घेतला होता, विषयही लिहिला.
मग स्टेशनबाहेर
त्याच कागदावर आम्ही दोघांनी भजी खाल्ली.