सहभागी क्रमांक पाच

मार्केट यार्डात गुळाचे रवे उतरत होते
आणि मी ओढणीनं टॅब पुसत होते, पुन्हा पुन्हा.
चिकटलेलं प्रत्येक बोट
माझ्या ॲपला 'होय' वाटत होतं.

तसं सगळं पाठ होतं.
बटण जितकं लहान, जितकं लांब,
तितका हात उशिरा पोचतो.
वापरणारा चुकत नसतो, चुकते ती मांडणी.
सबनीस मॅडम हे वाक्य फळ्यावर लिहायच्या
आणि प्रोजेक्टर सुरू होईना म्हणून
शिपायाला हाक मारायच्या.

पहिले चौघे दिवाणजींची पोरं.
पटापट दाबलं, हसली, गेली.
पाचवे रावसाहेब मगदूम. वय बहात्तर.
अडतीच्या गादीवर मांडी, खांद्यावर टॉवेल.
संमतीपत्र मी वाचून दाखवलं,
त्यांनी सही केली, मुंगी चालल्यासारखी.
मग नियमाप्रमाणे मी म्हटलं,
"काका, जे जे मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा.
मी नुसतं लिहून घेणार."

ते पडद्याकडं बघत राहिले.
गांधीलमाशी 'बोली लावा'वर बसली, उठली.
सत्तर सेकंद.
"मोठ्यानं विचार करा, काका."

"बाई गं," ते म्हणाले,
"यार्डात मोठ्यानं इचार केला की भाव फुटतोय.
पन्नास वर्सं गप बसायचीच अडत खाल्लीया मी."

आणि टॉवेल माझ्या हातावर टाकला.
खाली माझी बोटं धरली,
तीन मुठीत, मग सोडली,
मग अंगठ्याचा दाब, मग तळव्यावर एक रेघ.
"किती?"
मला कळेना.
"परत."
तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, "तीन हजार आठशे?"
"वरडू नकोस!"
शेजारची गादी खो खो हसली.

"बंद झाली ही रीत. झाली ते बेसच झालं.
टॉवेलाखाली लई जणांना नागवलंय, खोटं कशाला बोलू?
पर बोट काय चुकत न्हवतं."

सायबर चौकात रिक्षातून उतरले
तेव्हा तळव्यावर ती रेघ अजून होती.
हॉस्टेलवर तक्ता भरला.
काम पूर्ण: नाही.
चुका: शून्य. हातच लावला नाही.
समाधान, एक ते पाच: त्यांनी विचारलं होतं, "कुणाचं?"

माझ्या आराखड्यात सगळं उघडं आहे,
भाव, नाव, कोण कितीपर्यंत चढला.
तसंच हवं, हे रावसाहेबांनीही नाकारलं नाही.
तरी शेऱ्यात मी लिहिलं: शांतता, सत्तर सेकंद.
मॅडमनी लाल गोल केला. पुढं प्रश्नचिन्ह.
हे कुठल्या रकान्यात बसवायचंय?

अजून ठरलेलं नाही.
टॅबच्या कोपऱ्यात गूळ वाळून घट्ट झालाय,
नखानं निघत नाही,
आणि 'मदत' हे बटण
कुणी तरी दाबून धरल्यासारखं सारखं उघडतंय.