दहा

ओवेस, आत ये. शटर अर्धंच ठेव,
वागळे इस्टेटची धूळ बाहेर राहू दे, आपली आपल्याला पुरेशी आहे.
घड्याळ काढ. बाह्या कोपराच्या वर.
मनगटावरचा तो दर्ग्याचा दोराही,
रागावू नकोस, खिशात ठेव,
तिथूनही तो तुझीच राखण करेल.
हातमोजे नकोत. फिरत्या पात्यानं मोजा धरला
की बोट मागे घ्यायला वेळ मिळत नाही.
चष्मा घाल. मास्क नाकावर, हनुवटीवर नाही.
एमडीएफचा भुसा छातीत शिरतो
पागडीच्या भाडेकरूसारखा, मग निघत नाही.

हा राउटर.
मिनिटाला बावीस हजार फेरे,
आणि पोटात एकही विचार नाही.
विचार आपण करायचा.

बिट बदलायच्या आधी पिन भिंतीतून बाहेर.
नुसतं बटण बंद, याला मी बंद म्हणत नाही.
बिट कोलेटमध्ये तळाला टेकव,
मग अर्धं सूत वर उचल आणि आवळ.
का, ते मेस्त्रींना विचारलं तेव्हा म्हणाले,
"तेकाव श्वास घेवक जागा होयी."
खरं कारण मी नंतर शिकले, तापलं की तिथे अडकतं,
पण हात अजून मेस्त्रींच्याच कारणानं उचलतो.

भिकाजी मेस्त्री, देवगडकडचे.
शटर ओढायच्या आधी रोज बोटं मोजायचे,
गल्ला मोजावा तशी, अंगठ्यापासून,
दहा झाली की म्हणायचे, "हिशेब जुळलो."
कोपरीच्या आयटीआयतून मी आले तेव्हा एकोणीसची होते,
हसायचे त्यांना.

तो मंगळवार.
कासारवडवलीच्या एका बाईंचं देवघर, साग,
दाराच्या कडेला खाच पाडत होते, अर्ध्यावर लाईट गेली.
मी राउटर तसाच टेबलावर ठेवला,
बटण चालू,
आणि चहा आणायला गेले.

परतले, हातात दोन कटिंग,
आणि लाईट आली.

तो आडवा झाला, ओरडला, देवघराची बाजू चावत
टेबलभर पळाला, आता कडेवरून पडणार,
माझा हात पुढे. झेलायला.
पडतं ते झेलतोच ना आपण? भांडं, पोर, फळ.
"हात मागे!" मेस्त्री ओरडले, एकदाच,
आणि मशीनकडे न बघता भिंतीकडे गेले, पिन ओढली.
जमिनीवर तो आणखी थोडा फिरला, स्वतःशीच.
चहा माझ्या चपलांवर.

ते काही बोलले नाहीत.
माझे हात उलटे केले, सुलटे केले,
मोजले.

त्या ओरखड्यावर त्यांनी शिसवीचं एक पान बसवलं, पिंपळाचं.
बाई आल्या, बघत राहिल्या, म्हणाल्या,
दुसऱ्या बाजूलाही असंच हवं होतं हो.
दिलं. वेगळे पैसेही लावले.

तर, ओवेस, जॉब शिकंज्यात घट्ट धर.
खिळा राहिलाय का, बोटांनी चाचप, आत्ता, मशीन बंद असताना.
दोन्ही हात मुठींवर.
बाहेरच्या कडेनं जाताना घड्याळाच्या उलट,
म्हणजे तुझ्यासमोरची कड डावीकडून उजवीकडे.
आतली खिडकी कापताना घड्याळाबरोबर.
चुकलास तर तो तुला ओढत पुढे पळेल,
तेव्हा कळेल कोण कुणाला चालवत होतं.
एका वेळी एक सूत. तीन सूत हवं तर तीन फेऱ्या.
जळका वास आला तर रेंगाळतोयस,
आवाज घुसमटला तर घाई करतोयस.
"लाकूड सांगता, तू आयक."
बटण सोडलंस तरी उचलू नकोस, थांब,
फिरणं थांबेपर्यंत. मग ठेव.
आणि लाईट गेली तर?

बरोबर. आधी बटण. मग पिन. मग चहा.

घे. कापायला लाग.
साडेसातला शटर ओढू,
तेव्हा हात पुढे करायचे तू, आणि मीही.
हसलास तरी चालेल.