सूज

शिंगाळ्याचा काटा टोचला तेव्हा
लवूचा हात भिजल्या पावासारखा फुगला.
अख्खा सर्जेकोट आमच्या पडवीत.
कुणी हळद, कुणी कढत पाणी,
तारामती तर विक्रीचा बर्फ घेऊन.

वायरलेस बंद असताना
कुणीतरी त्याच्याशी बोलायला लागलं,
तेव्हा कुणी आलं नाही.
नारळ तेवढे ठेवून झाले.

आज गोव्यात, डॉक्टरांच्या अभ्यासासाठी,
त्याच्या शिरेत काहीतरी सोडलं,
दोन तासांत विझणारं.
मेंदूतले राखणदार जागे असले
की हे त्यांना चिकटतं, डॉक्टरीण म्हणाली.
राखणदार ऐकून आईने हात जोडले.
ते जागेच राहिले, तर सूज.
आणि लगेच: पण एकट्याच्या चित्रावरून
सांगता येत नाही हं,
पुष्कळ डोकी लागतात.

मी तरी पडद्याला बोट लावलं,
गरम आहे का बघायला.

लवू वाकून पाहत राहिला.
काळं पाणी, त्यात नारिंगी ठिपके.
"ह्यो इतक्यो होडयो खंयच्यो?
लायटी लावन मारतत ते?"

परतताना बांद्याच्या पुढे कुठेतरी
त्याने हात माझ्या मांडीवर ठेवला,
वण वर करून.
"हो हात आता दुखना नाय."